थोरल्यांना न दिसलेल्या खोल्या

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घराची कल्पना करा. घर मोठे आहे, चांगले चाळीस खोल्यांचे. सगळ्या खोल्या झाडूनपुसून ठेवलेल्या आहेत. एक म्हातारे गृहस्थ दारात येतात, पहिल्या खोलीत डोकावतात, "बरं, एक खोली आहे," असे म्हणतात आणि तिथेच सतरंजी पसरून बसतात. पुढच्या खोल्यांना कुलपे नाहीत. दारे सताड उघडी आहेत. तरी ती त्यांना दिसतच नाहीत. असे का बरे होत असेल?

उघडा डोळे. ते घर म्हणजे मीच.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. आकाराने जाड पुस्तकाएवढी, पण वजनाला त्याहून भारी. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. वीज मिळाली की त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी सरकत राहते, नकाशावर गाव शोधताना तुमचे बोट फिरते तशी. संगणक जे जे लक्षात ठेवायला सांगतो ते मी त्या चकत्यांवर जपते. वीज गेली तरी मी काही विसरत नाही. विसरणे माझ्या हातात नसते, मित्रांनो. ते नेहमी माणसांच्या हातात असते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसे तोंडाला फडके बांधून काम करीत, कारण धुळीचा एक कण म्हणजे माझ्यासाठी वाटेत पडलेला धोंडा. तिथून खोक्यात बसून मी इंदूरच्या एका दुकानात आले. २००२ सालच्या पावसाळ्यात योगेंद्र नावाच्या गृहस्थांनी मला टॉवेलात गुंडाळले आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून देवासला नेले. ते एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करीत. रस्त्यात खड्डा आला की ते स्कूटर इतकी हळू करीत की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत. माझी इतकी काळजी त्याआधी कोणी घेतली नव्हती.

घरी माझी वाट पाहत उभी होती त्यांची मुलगी किमया. सहावीत होती. प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारे त्या कॉलनीत कोणी नव्हते.

"बाबा, एवढीशी? आणि हिच्यात माईंचा सगळा आवाज मावणार?"

"माईंचा मावेल, तुझे प्रश्न मावतील की नाही सांगता येत नाही," बाबा म्हणाले.

आता माई कोण ते सांगते. माई म्हणजे बाबांच्या आत्या, सुभद्राबाई. लग्न होऊन त्या धारला एका जुन्या दरबारी घराण्यात गेल्या होत्या. त्यांचे मराठी ऐकून शेजारी म्हणत, "माई, आप तो ऐसे बोलती हो जैसे कोई पोथी बाँच रहा हो." दरवर्षी त्या धारहून देवासला येत आणि मराठी मंडळाच्या मुलांचे कोजागिरीचे नाटक बसवीत. मुले हिंदी शाळांत शिकणारी. वाचता येई, पण वाक्य कुठे थांबवायचे, कुठे रागवायचे, कुठे लाडात यायचे ते त्यांना कळत नसे. माई ते बोलून दाखवीत आणि मुले ऐकून शिकत.

त्या वर्षी माईंच्या घशात गाठ निघाली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितले, ऑपरेशन केले पाहिजे, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. माईंनी ते शांतपणे ऐकले आणि घरी येऊन म्हणाल्या, "मग नाटक आधीं बोलून ठेवूं. पोरांना ऐकायला हवें."

नाटकाचे नाव होते 'हत्तीचा रुसवा'. राजा, प्रधान, माहूत, माहुताची मुलगी, सगळ्यांची सगळी वाक्ये माई स्वतः बोलणार आणि संगणक ती साठवून ठेवणार, असे ठरले.

पण संगणक जुना होता. १९९५ साली घेतलेला. जुन्या पंख्यासारखा घुंघुं आवाज करणारा. घरात सगळे त्याला 'थोरले' म्हणत. थोरल्यांची आधीची डिस्क इतकी लहान होती की पहिल्या प्रवेशातच भरून गेली. नवा संगणक का घेतला नाही, असे तुम्ही विचाराल. मंडळाचे मराठी लिहिण्याचे सॉफ्टवेअर फक्त थोरल्यांवर चालत असे, आणि आवाज पकडणारे कार्डही त्यांच्याच पोटात नीट बसले होते. म्हणून म्हाताऱ्या संगणकाला तरुण डिस्क मिळाली.

बाबांनी मला बसवले, बटण दाबले. थोरल्यांनी घसा खाकरला, मला चाचपले आणि पडद्यावर लिहिले, पाचशे चार एमबी.

मला हसावे की रडावे कळेना. मी होते वीस जीबीची. थोरल्यांनी माझ्या चाळीस खोल्यांतली जेमतेम एक पाहिली होती.

"बाबा, दुकानदारानं फसवलं," किमया म्हणाली.

"नाही गं. थोरल्यांना इतकंच मोजता येतं. त्यांच्या वेळी डिस्कच लहान असायच्या. डिस्कवरच्या रेघा मोजा म्हटलं की ते हजार चोवीसवर थांबतात. त्याच्या पुढचे आकडे त्यांना कोणी शिकवलेच नाहीत."

"मग शिकवा ना."

"ते या वयात शिकणार नाहीत. पण दुसरी एक युक्ती आहे."

माझ्या खोक्यात एक फ्लॉपी आली होती. फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकची चौकोनी, चपटी वडी. संगणकाच्या फटीत घातली की त्यावरचे तो वाचतो. त्या फ्लॉपीतून बाबांनी एक छोटासा प्रोग्राम माझ्या अगदी उंबरठ्यावर आणून बसवला. किमयाने त्याला 'पहारेकरी' असे नाव दिले. थोरले सुरू झाले की सर्वांत आधी माझ्या उंबरठ्याशी येत. तिथे पहारेकरी उठून उभा राही, पडद्यावर एक निळी ओळ दाखवी, आणि थोरल्यांचा हात धरून म्हणे, चला, पुढच्या खोल्या मी दाखवतो.

आता खोल्या पाडायच्या होत्या. याला पार्टिशन करणे म्हणतात. ते करायचे साधन बाबांजवळ दुसऱ्या एका निळ्या फ्लॉपीत होते. जुन्या पद्धतीने पाडायचे तर एक खोली दोन जीबीपेक्षा मोठी होत नसे. किमयाने बोटांवर मोजले. "सी, डी, ई, एफ... दहा खोल्या होतात, बाबा. राजा एकीकडे, हत्ती तिसरीकडे. शोधणार कोण?"

"आणि आणखी एक अडचण आहे," बाबा म्हणाले. "फाइल ठेवायची तऱ्हा असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं समज. जुन्या तऱ्हेत मोठ्या खोलीत सगळे डबे मोठेच. चिमूटभर जिरं ठेवायचं तरी अख्खा डबा अडतो, त्यात दुसरं काही टाकता येत नाही."

"माईंचं 'बरं' हे एवढंसं वाक्य आहे. ते पण अख्खा डबा घेणार?"

"घेणार. नव्या तऱ्हेत वाट्या लहान असतात आणि खोली हवी तेवढी मोठी करता येते. पण डॉस म्हणजे संगणक चालवणारी जुनी प्रणाली, तिला ती खोली दिसत नाही."

किमयाने विचार केला. "मग थोरल्यांच्या जुन्या सामानाला एक जुन्या तऱ्हेची लहान खोली द्या. माईंना नव्या तऱ्हेची मोठी."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्याही मनात तेच होते. अशा तीन खोल्या झाल्या. पहिली लहान. दुसरी माईंची. तिसरी रिकामी राहिली.

"ती कोणाची?" किमयाने विचारले.

"असू दे. पुढे लागेल. भरल्या घरात भिंती सरकवणं फार जोखमीचं असतं."

मग माई बोलू लागल्या. काय सांगू मित्रांनो! राजा झाल्या की आवाज भारदस्त होई, प्रधान झाल्या की लोण्यासारखा मऊ. "महाराज, हत्ती रुसला. अंबारी नको म्हणतो, झूल नको म्हणतो, आणि केळीं पाहून तोंड फिरवतो!" किमयाची आईसुद्धा हातातली कणीक तशीच घेऊन दारात येऊन उभी राही. प्रत्येक वाक्याची एक फाइल, आणि प्रत्येक फाइल माझ्या चकतीवर. एका फ्लॉपीत एक मिनिटभर आवाजही धड मावत नसे, म्हणून दुसरी प्रत ठेवायला जागाच नव्हती. जे होते ते माझ्यापाशीच होते.

शेवटचे एकच वाक्य उरले होते. सगळे हरल्यावर माहुताची छोटी मुलगी हत्तीजवळ जाते आणि म्हणते, "चल, आता घरी." नाटकात ते काम किमयाचे होते, आणि माई ते तिला बोलून दाखवणार होत्या. पण दवाखान्यातून निरोप आला, ऑपरेशन उद्याच. माईंनी तशीच पिशवी भरली. वाक्य राहून गेले.

माई परतल्या तेव्हा त्यांच्या गळ्याला पांढरी पट्टी होती आणि हातात पाटी. बोलायचे असेल ते पाटीवर लिहीत. घाई असेल तर टेबलावर पेन्सिल आपटत. एक ठोका म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. मुले रोज संध्याकाळी येत, थोरल्यांसमोर सतरंजीवर बसत आणि माईंचाच आवाज ऐकून वाक्ये घोकत. माई बाजूला बसून ऐकत. चुकले की एक ठोका.

खंडेनवमी आली. त्या घरात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होई. पाटावर माईंनी धारहून आणलेली सासरची तलवार होती, बाबांचे पाने आणि पक्कड, आईची कात्री आणि विळी, किमयाची कंपासपेटी. बाबांनी निळी फ्लॉपीही ठेवली. "आमचं हेही हत्यारच," ते म्हणाले. थोरल्यांना जागेवरच हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळाली.

दसऱ्याला सकाळी पाट उचलायची वेळ झाली. माईंनी पाटीवर लिहिले, 'पुजलेलें हत्यार उघडें ठेवूं नये. ज्याचें त्याच्या जागीं.' तलवार म्यानात गेली, पाने पेटीत गेले, कात्री आईच्या डब्यात. किमयाच्या हातात निळी फ्लॉपी राहिली. बाबा तेव्हा कारखान्यातल्या पूजेला गेले होते.

"माई, हिचं म्यान कुठंय?"

माईंनी फ्लॉपीकडे पाहिले, मग थोरल्यांच्या अंगावरच्या आडव्या फटीकडे. दोन्हींचे माप अगदी एक. त्यांनी बोट दाखवले. किमयाने फ्लॉपी आत सरकवली. टक् असा आवाज झाला.

"बसली की बरोब्बर," किमया हसली. माईंनी दोन ठोके दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीच्या आधी किमयाने थोरल्यांचे बटण दाबले. घुंघुं झाले. पडदा काळा राहिला, आणि कोपऱ्यात फक्त एक अक्षर लुकलुकत होते.

किमयाचा मामेभाऊ पियुष दसऱ्यासाठी इंदूरहून आला होता. कॉलेजात संगणकच शिकत होता. तो खुर्ची ओढून बसला. "हट, किमू, बघू दे." त्याने सी ड्राइव्ह मागितला, म्हणजे माझी पहिली खोली. उत्तर आले, असा ड्राइव्ह नाही. पडद्यावरच्या यादीत पार्टिशनचे साधन दिसले, ते कुठून आले याचा विचार न करता त्याने ते उघडले. माईंच्या खोलीचा पत्ताच नव्हता. एक अनोळखी, डॉसचा नसलेला भाग तेवढा दिसत होता.

"गया, भिया," पियुष म्हणाला. "डिस्क खाली, एकदम रिकामी दिसतेय. हा कुठला तरी परका पार्टिशन घुसलाय, व्हायरस असणार."

"आणि माईंचा आवाज?"

पियुषने माईंकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "नाही राहिला, किमू. मी काय म्हणतो, हा भाग उडवतो, नव्यानं बनवून देतो. आतोबा शिफ्टवरून येईपर्यंत मशीन तरी चालू होईल."

मी सगळे ऐकत होते. माझ्या चकत्या फिरत होत्या. राजा, प्रधान, माहूत, सगळे माझ्या पोटात जसेच्या तसे होते. पण मला तोंड नाही. पडद्यावर प्रश्न आला, हा भाग पुसायचा? हो की नाही? पियुषचे बोट 'हो'च्या कळीवर गेले.

टेबलावर एक ठोका पडला.

"माई, दुसरा इलाजच नाहीये हो," पियुष म्हणाला.

पुन्हा एक ठोका.

"दादा, थांब ना," किमया म्हणाली. "पुसायचंच असेल तर उद्या पण पुसता येईल. आज पुसलं तर उद्या परत आणता येईल का?"

"नाही."

"मग आज हात नको लावूस."

पियुषने बोट उचलले. "लो, नाही लावत. पण तू तरी काय करणार?"

किमया पडद्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, ती निळी ओळ आलीच नाही."

"कुठली ओळ?"

"पहारेकऱ्याची. रोज पहिल्यांदा तीच येते. आज थोरले त्याच्या दारावरून आलेच नाहीत. मग ते आले कुठून?"

तिने थोरल्यांना वरून खाली पाहिले. झेंडूची माळ अजून लटकत होती. तिने ती बाजूला केली. फटीच्या खालचे छोटे बटण बाहेर आले होते. फ्लॉपी आत असली की ते तसे बाहेर येते.

किमयाने माईंकडे पाहिले. माईंचा हात पट्टीवर गेला. त्यांनाही आठवले होते. मग त्यांनी हळूच कमरेशी मूठ नेली आणि तलवार उपसावी तसा हात वर केला.

किमयाने बटण दाबले. निळी फ्लॉपी बाहेर आली. तिने थोरल्यांना बंद केले, थोडे थांबली आणि पुन्हा सुरू केले.

झाले काय होते, ते तुमच्या लक्षात आलेच असेल. फटीत फ्लॉपी दिसली की थोरले आधी तिच्याच दाराने आत शिरत. माझ्या उंबरठ्याशी ते येतच नसत, त्यामुळे पहारेकरी झोपलेलाच राही. आणि त्याच्याशिवाय थोरल्यांना माझी घडण कळत नसे. घर जागेवर होते. पाहणाऱ्याचा हात धरणारे कोणी नव्हते.

निळी ओळ आली. खोल्यांची दारे उघडली. किमयाने दुसऱ्या खोलीतली पहिली फाइल लावली आणि त्या शांत घरात माईंचा आवाज घुमला. "महाराज, हत्ती रुसला."

माई डोळे मिटून ऐकत होत्या. पियुष खुर्चीवरून उठून सतरंजीवर जाऊन बसला. "मी तर हो दाबतच होतो," तो म्हणाला. बराच वेळ तो तेच म्हणत होता. पण मुलगा मनाचा चांगला. पुढच्या रविवारी तो मला टॉवेलात गुंडाळून इंदूरला घेऊन गेला आणि माईंच्या आवाजाच्या दोन सीड्या करून आणल्या. एक देवासला ठेवली, एक धारला. निळ्या फ्लॉपीलाही खरे म्यान मिळाले. माईंनी तिच्यासाठी जुन्या पैठणीच्या तुकड्याची पिशवी शिवली.

या गोष्टीला आता सात वर्षे झाली. थोरले कधीच अडगळीत गेले. मी बिस्किटांच्या डब्यात असते, त्याच टॉवेलात. माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या डिस्क आता खिशात मावतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. दर कोजागिरीला किमया डबा उघडते, मला जोडून पाहते आणि मी अजून फिरते आहे याची खात्री करून घेते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचा आवाज, कुणाचे फोटो अशाच एखाद्या डब्यात असतील. त्यांची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि एखादे यंत्र 'इथे काही नाही' असे म्हणाले, तर लगेच पुसायला धावू नका. ते कोणत्या दाराने आत आले आहे, ते आधी पाहा.

तुम्हाला त्या संध्याकाळचे पुढचे ऐकायचे असेल. मुले तालमीला आली, ऐकून, बोलून गेली. नाटक शेवटपर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण शेवटचे वाक्य कोणत्याच खोलीत नव्हते. किमया खुर्चीत सरसावून बसली. मग तिने माझी तिसरी खोली उघडली, जी इतके दिवस रिकामी होती. माइक जवळ ओढला.

"चल, आता घरी," ती म्हणाली.

माईंनी एक ठोका दिला. फार हुकमी झाले होते.

"चल, आता घरी."

एक ठोका. आता रडवेले झाले.

किमयाने थोरल्यांच्या अंगावर तळहात ठेवला, हत्तीच्या अंगावर ठेवावा तसा. ते कोमट होते आणि घुंघुं करीत होते. तिने अगदी हळू, कुणी न मागता सोबत द्यावी तसे, म्हटले, "चल, आता घरी."

टेबलावर पेन्सिल वाजली. एकदा. आणि लगेच पुन्हा एकदा.

किमयाने ती फाइल जपून ठेवली.